मोहरम : शस्त्र खाली ठेवण्याचा महिना

‘मुहर्रम’ हा शब्द ‘हराम’ या शब्दाच्याच धातूतून आला आहे. मराठीत ‘हराम’ शिवीच्या वाटेला गेला, पण अरबीत त्याला दोन बाजू आहेत. जे करायचे नाही ते हराम, आणि पवित्र असल्यामुळे ज्याला धक्का लावायचा नाही तेही हरामच. मक्केतील काबाभोवतालचा परिसर ‘हरम’, हजयात्रेकरू अंगावर घेतात ती बिनशिवलेली पांढरी वस्त्रे ‘एहराम’ आणि हिजरी वर्षाचा पहिला महिना ‘मुहर्रम’. मराठी मुलखात त्याचा ‘मोहरम’ झाला. आपल्याकडच्या ‘सोवळे’ या कल्पनेशी त्याचे जवळचे नाते लावता येईल. फरक एवढाच, की इथे सोवळे वस्त्राला किंवा स्वयंपाकघराला नसून काळाला आहे.

काळाचे हे सोवळे इस्लामच्याही आधीचे आहे. अरबस्तानातील टोळ्यांमध्ये सूडाचे सत्र पिढ्यान् पिढ्या चाले. तरीही वर्षातले चार महिने तलवार म्यानात ठेवायची, असा संकेत होता. जिल्काद, जिल्हज आणि मोहरम हे लागोपाठचे तीन आणि सातवा रजब हा सुटा एक. पहिल्या तीन महिन्यांत यात्रेकरूंनी मक्केला यावे, उकाजसारख्या बाजारांत व्यापार करावा आणि सुखरूप घरी परतावे, अशी सोय त्यात होती. मोहरम हा परतीच्या वाटेचा महिना. बापाचा मारेकरी समोर आला तरी या दिवसांत त्याच्यावर हात टाकायचा नाही, इतकी ही मर्यादा कडक मानली जाई. प्रेषित मुहंमद यांच्या तरुणपणी एका संघर्षात ती मोडली गेली, तेव्हा अरबांनी त्या लढाईला ‘फिजार’, म्हणजे पापाचरणाचे युद्ध, असेच नाव दिले.

मर्यादा मोडण्याची दुसरी, अधिक चतुर रीतही होती. सलग तीन महिने लढाई आणि लूट बंद ठेवणे जड जाई. मग मोहरमचे पावित्र्य पुढच्या सफर महिन्यावर ढकलले जाई आणि मोहरममध्ये शस्त्र उचलायला वाट मिळे. या प्रथेला ‘नसी’ म्हणत. ऋतूंशी मेळ राखण्यासाठी जादा महिना धरण्याची पद्धतही नसीचाच भाग होती, असे अनेक अभ्यासक मानतात. कुराणाच्या ‘तौबा’ या नवव्या सुरेतील ३६व्या आयतीत महिने बारा आणि त्यांपैकी चार पवित्र, असे सांगितले आहे. ३७व्या आयतीत नसीचा कठोर निषेध आहे. इ. स. ६३२ मध्ये अखेरच्या हजच्या प्रवचनात प्रेषितांनी हीच गोष्ट पुन्हा बजावली. पवित्र काळ माणसाने आपल्या सोयीने सरकवायचा नाही, हा त्यामागचा विचार आहे आणि मोहरमच्या आध्यात्मिक अर्थाचा पाया तोच आहे.

पंचांग पाहणाऱ्या मराठी वाचकाला याचा परिणाम चटकन कळेल. आपण साधारण दर तीन वर्षांनी अधिक महिना धरतो, म्हणून आषाढ पावसातच येतो. हिजरी वर्षात अधिक मास नाही. ३५४ किंवा ३५५ दिवसांचे हे वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने मोहरम मागे मागे सरकत सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०२५ साली मोहरमचा दहावा दिवस आणि आषाढी एकादशी ६ जुलै या एकाच तारखेला आली होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने आषाढी २५ जुलैवर जाते, मोहरमची दहावी मात्र जूनअखेरीसच येते. चंद्र दोघांचा एकच, पण एका पंचांगाने ऋतूशी जमवून घेतले आणि दुसऱ्याने ते मुद्दाम नाकारले.

मोहरम वर्षारंभी कसा आला, हेही पाहण्यासारखे आहे. मक्केहून मदिनेला झालेले स्थलांतर, म्हणजे हिजरत, इ. स. ६२२ मधली, तीही रबीउल अव्वल महिन्यातली. दुसरे खलिफा उमर यांच्या कारकिर्दीत, हिजरतीनंतरच्या १७व्या वर्षाच्या सुमारास कालगणना ठरली. वर्षे हिजरतीपासून मोजायची आणि महिन्यांची सुरुवात मोहरमपासून करायची, असा निर्णय झाला. हजहून लोक घरी परततात तो हा महिना, म्हणून नव्या वर्षाला योग्य मानला गेला.

दहाव्या दिवसाला ‘आशुरा’ म्हणतात. करबलाच्या लढाईआधीपासून हा दिवस उपवासाचा आहे. प्रेषित मदिनेला आले तेव्हा तिथले यहुदी या दिवशी उपवास करत होते, कारण मूसा (मोझेस) आणि त्यांच्या लोकांची इजिप्तच्या फिरऔनच्या जाचातून याच दिवशी सुटका झाली, अशी श्रद्धा. मूसांवर आपलाही हक्क आहे, असे म्हणून प्रेषितांनी हा रोजा धरला आणि अनुयायांना सांगितला. पुढे हिजरी दुसऱ्या वर्षी रमजानचे रोजे अनिवार्य झाले आणि आशुरेचा रोजा ऐच्छिक झाला. रमजाननंतर रोज्यांसाठी सर्वांत श्रेष्ठ महिना मोहरम, असे हदीसमध्ये सांगितले असून तिथे त्याला ‘अल्लाहचा महिना’ म्हटले आहे. सुन्नी मुसलमान आजही नववी-दहावी किंवा दहावी-अकरावी असे दोन रोजे धरतात.

उपवासाच्या आणि शस्त्रसंन्यासाच्या याच महिन्यात हिजरी ६१ साली, १० ऑक्टोबर ६८० रोजी करबला घडले. शोकाचा महिना म्हणून मोहरम सर्वांना ठाऊक असतो, पण त्या शोकाची धार समजायला महिन्याचे मूळचे पावित्र्य आधी ध्यानात घ्यावे लागते.

खलिफा मुआविया यांच्यानंतर त्यांचा मुलगा यजीद गादीवर बसला. प्रेषितांचे नातू हुसेन यांनी त्याच्याशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला आणि मदिना सोडून ते मक्केला आले. कूफा शहरातून पाठिंब्याची पत्रे येत होती. हुसेन यांनी चुलतभाऊ मुस्लिम बिन अकील यांना पुढे पाठवले, पण तिथे ते मारले गेले. परंपरा सांगते, की मक्केत आपले रक्त सांडले तर हरमची मर्यादा भंगेल, म्हणून हजच्या ऐन तोंडावर, ८ जिल्हजला हुसेन यांनी मक्का सोडली. जागेचे पावित्र्य त्यांनी असे जपले. समोरच्यांनी मात्र काळाचे पावित्र्य राखले नाही.

२ मोहरमला काफिला फुरात नदीजवळच्या करबलाच्या मैदानात थांबवला गेला. सातव्या दिवसापासून नदीची वाट अडवली. नवव्या दिवशी हल्ला होऊ घातला तेव्हा हुसेन यांनी एक रात्र मागून घेतली, नमाज आणि प्रार्थनेसाठी. शत्रूला हवा आहे तो मी, तुम्ही अंधारात निघून जा, असे त्यांनी सोबत्यांना सांगितले. दिवाही मालवला, म्हणजे जाणाऱ्याला संकोच वाटू नये. सोबती गेले नाहीत. उलट सकाळी समोरच्या फौजेतला हुर्र हा सरदार त्यांच्याकडे आला. हजारोंच्या सेनेपुढे परंपरेने मोजलेले ७२ जण होते. पाणी आणायला गेलेले सावत्र भाऊ अब्बास नदीकाठी पडले. हुसेन यांचा तान्हा मुलगा अली असगर बापाच्या हातांवर बाणाने गेला. लढाई चालू असतानाच दुपारची नमाज झाली. दिवस मावळण्याआधी हुसेन मारले गेले. आजारी मुलगा झैनुल आबिदीन आणि बहीण झैनब यांच्यासह उरलेल्यांना कैद करून कूफा आणि दमास्कसला नेले. यजीदच्या दरबारात झैनब यांनी निर्भयपणे जाब विचारला, म्हणून करबलाची हकिकत जगापर्यंत पोहोचली. मोहरमच्या शोकसभांमध्ये, म्हणजे मजलिसींमध्ये, त्यांचे नाव येताच सभा हुंदके देऊ लागते, ते यामुळे.

शिया पंथात हे स्मरण म्हणजेच साधना. अन्यायाच्या हाती हात न देणे, तहानेतही संयम न सोडणे आणि हरणार हे दिसत असताना सत्याच्या बाजूला उभे राहणे, या गोष्टी रडता रडता अंगी मुरवायच्या असतात. अनेक शियांच्या घरी करबलाच्या मातीची छोटी, गोल टिकली असते. नमाजात सजदा करताना कपाळ तिच्यावर टेकते. दहा दिवसांची घटना अशी वर्षभर, दिवसातून अनेकदा, कपाळाला लागत राहते. रस्त्यावरच्या सबिलींमधून वाटले जाणारे पाणी आणि सरबतही त्या अडवलेल्या नदीचीच आठवण आहे.

दख्खनमध्ये मोहरम राजदरबारांतून रुजला. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या आरंभी शिया पंथ जाहीर केला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शिया विद्वान शाह ताहिर यांच्या प्रभावाने तोच मार्ग धरला. गोवळकोंड्याच्या मुहंमद कुली कुत्बशहाने हैदराबादेत बादशाही आशूरखाना बांधला. राज्ये गेली, पण पंजे गावोगावी राहिले. पंजा म्हणजे धातूचा हात. त्याची पाच बोटे मुहंमद, फातिमा, अली, हसन आणि हुसेन यांची. पश्चिम महाराष्ट्रात अनेक गावी हिंदू घरांकडे पंजाचा किंवा ताबूताचा मान आहे. नवसाने मुले ‘फकीर’ होतात, गुळाच्या पाण्यात कणीक मळून चोंगे होतात, मलिद्याचा नैवेद्य दाखवला जातो, आणि खड्ड्यात पेटवलेल्या आलाव्याभोवती ‘हसन-हुसेन’ असा घोष चालतो. नवव्या रात्रीला ‘कत्तलची रात’ म्हणतात. सांगली जिल्ह्यातील कडेगावचे बांबूचे उंचच उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी प्रसिद्ध आहेत. कोल्हापुरात बाबूजमाल दर्ग्याच्या पंजाला मोठा मान आहे. पुण्यात १८९४ साली, आदल्या वर्षीच्या मुंबईतील दंगलीनंतर, हिंदूंनी ताबूतांपासून दूर राहायचे ठरवले आणि सार्वजनिक गणेशोत्सवाने तेव्हाच जोर धरला. ही बाजूही या इतिहासाचा भाग आहे. ताबूत आणि पंजे यांना अनेक सुन्नी उलेमांचा विरोध आहे. त्यांच्या मते मोहरम रोजा आणि उपासनेपुरताच असावा.

शिया समाजात शोक दहाव्या दिवशी थांबत नाही. मुंबईत डोंगरी भागातून निघालेली आशुरेची मिरवणूक माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात पोहोचते. दाऊदी बोहरा समाज गणिताने बांधलेले पंचांग वापरतो, त्यामुळे त्यांचा आशुरा बहुधा एखादा दिवस आधी येतो. चाळिसावा दिवस, अरबईन, २० सफरला असतो आणि तेव्हा लाखो लोक इराकमध्ये नजफहून करबलापर्यंत पायी जातात. त्यानंतरही काळे कपडे अंगावर राहतात, घरात लग्नकार्य होत नाही. ८ रबीउल अव्वलला, दोन महिने आणि आठ दिवसांनी, ते कपडे उतरतात आणि बायका काढून ठेवलेल्या बांगड्या पुन्हा हातांत भरतात.