एका प्रार्थनापोथीवर उभा राहिलेला पंथ

मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला चर्चगेट स्टेशन माहीत असतेच. पण तिथे ना चर्च दिसते, ना गेट. जुन्या मुंबईला तटबंदी होती, तेव्हा तिच्या एका दरवाजातून सेंट थॉमस चर्चकडे वाट जाई, म्हणून त्या दरवाजाला हे नाव पडले. तट १८६० नंतर पाडला गेला. १७१८ साली उपासनेसाठी उघडलेले ते चर्च मात्र हॉर्निमन सर्कलजवळ अजून उभे आहे. इंग्रजांनी आपल्या पंथासाठी मुंबईत बांधलेले ते पहिले चर्च. या पंथाला अँग्लिकन म्हणतात. म्हणजे सरळ अर्थाने इंग्लंडचा.

नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडचा फराळ आपल्या घरी येतो, पण त्यांच्यातही निरनिराळे पंथ आहेत, हे आपल्या फारसे ध्यानात नसते. त्यांतल्या या एका पंथाची हकीगत ऐकण्याजोगी आहे.

हकीगतीची सुरुवात एका राजाच्या संसारातून होते. आठव्या हेन्रीला मुलगा हवा होता. राणी कॅथरीनपासून एक मुलगीच जगली, तेव्हा ते लग्न रद्द करावे असा त्याने रोमच्या पोपकडे आग्रह धरला. पोप ऐकेना. शेवटी १५३४ साली पार्लमेंटने कायदा करून राजालाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवले. राजाच्या दुसऱ्या लग्नासाठी हा पंथ निघाला असे जे म्हणतात, ते यावरूनच. पण ते अर्धेच खरे. हेन्रीने मठ खालसा केले, त्यांच्या जमिनी विकल्या, तरी उपासना जुनीच ठेवली, लॅटिन भाषेतली. पंथाला त्याचे रूप दिले ते कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी. हेन्रीच्या मागे १५४९ साली त्यांनी इंग्रजीत सर्वसाधारण प्रार्थनेचे पुस्तक तयार केले. मठातले संन्यासी दिवसात आठ वेळा प्रार्थना करीत. क्रॅनमरांनी त्या सकाळ-संध्याकाळच्या दोन प्रार्थनांत बसवल्या, म्हणजे कष्टकरी माणसालाही त्या करता याव्यात.

आणि बंड केले ते कष्टकऱ्यांनीच! डेव्हन परगण्यातल्या सॅम्पफर्ड कोर्टने या खेड्यात नवी प्रार्थना एकदा ऐकल्यावर लोकांनी दुसऱ्याच दिवशी पाद्रीबाबांना जुनी उपासना करायला लावली. शेजारच्या कॉर्नवॉलमधले शेतकरीही उठले. त्यांच्यात पुष्कळांना इंग्रजी येतच नव्हते, त्यांची बोली कॉर्निश. लोकांची भाषा म्हणून जी आणली, ती या लोकांची भाषाच नव्हती. राजाच्या फौजेने हजारो माणसे मारून बंड मोडले. पंथाच्या जन्माबरोबरचे हे रक्त इंग्लंडातले लोकही पुष्कळदा विसरतात.

पुढे कॅथरीनची मुलगी मेरी गादीवर आली. तिने पोपची सत्ता परत आणली आणि क्रॅनमरांना कैदेत टाकले. जीव वाचावा म्हणून त्यांनी आपली मते चुकली असे लिहून दिले, तरी १५५६ साली ऑक्सफर्डला त्यांना जाळण्यात आलेच. शेवटच्या घटकेला त्यांनी ते लेखी शब्द परत घेतले आणि ज्या उजव्या हाताने सही केली होती, तो हात आधी आगीत धरला.

मेरीच्या मागून एलिझाबेथ राणी झाली. १५५९ च्या पोथीत एक मोठी चतुराई आहे. प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारस देतात. जुन्या मताचे म्हणत, हे खरोखरच ख्रिस्ताचे शरीर व रक्त. नव्या मताचे कित्येक म्हणत, ही त्याची आठवण. आधीच्या दोन पोथ्यांत एकेका बाजूला धार्जिणे वाक्य होते. नव्या पोथीत दोन्ही वाक्ये एकापुढे एक ठेवून दिली! वाद मिटला नाही, पण वाद घालणारे एकाच मेजाशी येऊ लागले. अँग्लिकन पंथ ओळखायचा तो या खुणेवरून.

बाकी श्रद्धा इतर ख्रिस्ती लोकांसारख्याच आहेत. देव एक, पिता, पुत्र व पवित्र आत्मा या रूपांत. बायबल हा आधार, त्याच्या जोडीला परंपरा आणि माणसाची बुद्धी. मुख्य संस्कार दोन, बाप्तिस्मा व प्रभुभोजन. बिशपांची परंपरा जुन्या चर्चसारखी, पण पोपची सत्ता नाही आणि पाद्रीबाबांना लग्नाची मोकळीक आहे.

शेतीशी या पंथाचे नाते जुने आहे. ईस्टरनंतर पाचव्या आठवड्यात गावकरी शिवेवरून फिरत पिकांसाठी प्रार्थना करीत. शिवेचे दगड पोरांच्या ध्यानात राहावेत म्हणून पोरांना त्यांवर आपटतही असत! मात्र उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे, त्यावरून तंटेही फार झाले. १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख रक्कम ठरली. सुगीचा आजचा सण रूढ झाला तो कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टो गावचे पाद्री हॉकर यांच्यामुळे. त्यांनी १८४३ साली नव्या धान्याची भाकर प्रभुभोजनात वापरली.

आज या पंथाची चाळीसहून अधिक स्वतंत्र चर्चे जगभर आहेत. कँटरबरीच्या आर्चबिशपांना मान आहे, हुकूम करण्याचा अधिकार नाही. २०२५ साली त्या पदासाठी सारा मुल्लाली यांचे नाव जाहीर झाले. त्या जागी बाई प्रथमच. आफ्रिकेतल्या कित्येक चर्चांना हे रुचलेले नाही, आणि समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यावा की नाही यावरून तर एकत्र राहायचे की वेगळे व्हायचे, इथवर गोष्ट आली आहे. या खेपेला दोन वाक्ये शेजारी ठेवून भागेल असे दिसत नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला तो याच पंथात. आणि पुढे धर्ममतांवरून तिथल्या भगिनींशी पत्रांतून वादही घातला. महाराष्ट्रात आता अँग्लिकन अशी पाटी शोधू नये. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला हा पंथ इतर पाच मंडळ्यांबरोबर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाला, म्हणून पाटीवर सी.एन.आय. ही अक्षरे दिसतात. रविवारी तिथे गेलात तर मागच्या बाकावर बसा, सारे उभे राहिले की उभे राहा. भाकर व द्राक्षारस मात्र बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. त्या वेळी जागीच बसून राहिले तरी चालते.