पांडवांनी काम अर्धवट का सोडले?

तळेगाव दाभाडेहून चाकणच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर, इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव लागते. गावात सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या घराण्याची अठराव्या शतकातील गढी आहे. तिचा भक्कम दरवाजा व तटबुरूज आजही पाहता येतात. आत कडजाई देवीचे देऊळ आहे. मुलांची सहल अशा कोणत्याही गढीत नेली की एक प्रश्न हमखास येतो, "सर, इथून भुयार कुठे निघतं?"

"भुयार वगैरे काही नसते" असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण त्याने मुलांच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी उलट प्रश्न विचारावा. भुयार आहे असे लोकांना का वाटले? कुठे अंधारी खोली आहे का? सांडपाण्याचा बुजलेला मार्ग आहे का? आणि नदीकाठच्या गढीतून निघालेले भुयार नदीच्या पात्राखालून न्यायचे, तर त्यात झिरपणारे पाणी कसे काढणार? पाच मिनिटांत गप्पांचा तास विज्ञानाचा तास होतो.

पुरातत्त्व आणि लोककथा यांचे नाते नेमके असे आहे. दंतकथेतले उत्तर चुकीचे असू शकते, पण तिच्यातला प्रश्न बहुधा खरा असतो. कुणीतरी काहीतरी डोळ्यांनी पाहिलेले असते आणि त्याचे कारण शोधताना कथा जन्माला येते.

एका रात्रीची गोष्ट

कार्ल्याच्या लेण्यांबाबत मावळात सांगितली जाणारी कथा सर्वांना ठाऊक आहे. वनवासातील पांडवांना एकवीरा देवीने एका रात्रीत देऊळ बांधण्यास सांगितले आणि त्यांनी ते बांधले. अनेक ठिकाणच्या लेण्यांबद्दल अशीच कथा असते. तिचा शेवटही पुष्कळदा ठरलेला असतो. कोंबडा आरवला, उजाडले आणि पांडव काम अर्धवट टाकून निघून गेले.

या कथेत दोन निरीक्षणे दडलेली आहेत. पहिले असे की, एवढे काम साध्या माणसांच्या हातून होणे अशक्य वाटते. दुसरे अधिक बारकाईचे आहे. आपल्याकडच्या लेण्यांत खरोखरच अपुरी राहिलेली कामे आढळतात. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे काही खांब घडवून झालेले, तर काही नुसते ओबडधोबड सोडलेले दिसतात. कोरीव काम छताकडून जमिनीकडे, म्हणजे वरून खाली होत असे, हे अशाच अपुऱ्या लेण्यांवरून कळते. वरून खाली येताना पायाड उभारावी लागत नाही. न कोरलेला खडकच पायाखाली राहतो. तेव्हा ज्या अपुरेपणाचे कारण लोककथेने कोंबड्याच्या आरवण्यात शोधले, तोच अपुरेपणा पुरातत्त्वज्ञाला बांधणीची रीत सांगतो.

मग कार्ल्याचे लेणे कोणी कोरले? त्याचे उत्तर भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीत लिहिलेले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेखांत दानकर्त्यांची नावे आहेत. वैजयंतीचा शेठ भूतपाल, धेनुकाकट गावचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, त्याच गावचा सामी नावाचा सुतार, काही यवन आणि सिंहस्तंभ देणारा महारठी अग्निमित्रणक. एखाद्याने खांब दिला, एखाद्याने दरवाजाचे काम केले. म्हणजे हे लेणे एका रात्रीचे नव्हे आणि एका राजाचेही नव्हे. वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या आपल्या गावच्या देवळाशी त्याचे साम्य अधिक आहे. पांडवांच्या कथेपेक्षा ही हकिकत कमी अद्भुत आहे, असे कोणाला वाटेल?

नावातही पुरावा

'मावळ' म्हणजे सूर्य मावळतो तो पश्चिमेचा भाग, ही व्युत्पत्ती आपण शाळेत सांगतो. कार्ल्याच्या एका सातवाहन लेखात मात्र या प्रदेशाचा उल्लेख 'मामाल' असा येतो. तेथील अमात्याला, म्हणजे अधिकाऱ्याला, उद्देशून भिक्षूंना दिलेल्या गावाविषयीची ती राजाज्ञा आहे. हे नाव इतके जुने असेल, तर आजच्या 'मावळणे' या क्रियापदावरून त्याचा अर्थ लावताना सावध राहायला हवे.

गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी हा धागा पुढे नेला. पाण्याकाठी पुजल्या जाणाऱ्या 'मावलाया' या मातृदेवतांवरून हे नाव आले असावे, असे त्यांनी सुचवले. पुणे परिसरातील डोंगरवाटा त्यांनी पायी तुडवल्या आणि गावाबाहेरच्या देवींची ठाणी पाहिली. यांपैकी अनेक ठाण्यांजवळ त्यांना सूक्ष्मास्त्रे मिळाली. सूक्ष्मास्त्रे म्हणजे अश्मयुगातील माणसाने कॅल्सेडनीसारख्या गारेपासून काढलेली नखाएवढी धारदार पाती. आपल्या काळ्या कातळातील पोकळ्यांत ही गार सापडते. तिला काचेसारखी धार येते. अशी पाती लाकडात किंवा हाडात बसवून बाण, कोयते बनवत. जुन्या पायवाटा, त्यांच्या तिठ्यावरच्या देवी आणि जवळची बौद्ध लेणी यांत सातत्य आहे, असे कोसंबींनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात मांडले.

येथे विद्यार्थ्यांना एक सावधगिरी शिकवण्यासारखी आहे. दोन गोष्टी एका जागी सापडल्या, म्हणजे त्यांच्यात परंपरा अखंड होती असे लगेच सिद्ध होत नाही. पाणी, सावली, सपाट जागा आणि वाट यांसाठी अश्मयुगातील माणसाने जी जागा निवडली, तीच जागा हजारो वर्षांनी दुसऱ्याने त्याच कारणासाठी निवडलेली असू शकते. इंदुरीजवळचा भंडारा डोंगर घ्या. तेथे कोरीव गुंफा आणि स्तूप आहेत आणि तीच तुकोबांची चिंतनाची जागा आहे. डोंगराचा एकांत दोघांनाही भावला, हे निश्चित. पण मधल्या शतकांचा धागा जोडायचा तर प्रत्येक शतकाचा पुरावा हवा.

भुताची टेकडी

लोककथा कधी खरेच वाट दाखवते का? यासाठी ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या डोंगराळ प्रदेशातील दोन उदाहरणे पाहू. तेथे जसे आपले पांडव, तसा आर्थर राजा. गॉवर येथील सुमारे २५ टनांच्या एका शिळेबद्दल सांगतात, की आर्थरच्या जोड्यात खडा टोचला, तो त्याने भिरकावला आणि तीच ही शिळा. प्रश्न खराच आहे, एवढा धोंडा तेथे आला कसा? पुरातत्त्वज्ञांच्या मते तो हिमनदीने वाहून आणलेला असावा. नवाश्मयुगातील माणसांनी त्याच्याखाली खोदून, आधाराचे दगड लावून थडगे बनवले.

दुसरे उदाहरण मोल्ड गावाचे. तेथील एका टेकाडाला भुतांची टेकडी म्हणत. १८३३ मध्ये दगड काढताना मजुरांना त्यात माणसाच्या सांगाड्यासह सोन्याच्या पातळ पत्र्याची खांद्यावर घ्यायची झूल सापडली. ती सुमारे ३,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीची असून आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे असे सांगण्यात आले, की सोनेरी वस्त्रातले भूत त्या टेकडीवर आधीच एका बाईला दिसले होते! म्हणजे हजारो वर्षे लोकांनी आठवण जपली? मोह होतो खरा. पण ही कथा कागदावर आली ती सोने सापडल्यानंतर. आधी लिहिलेली असती, तर तिला पुराव्याचे मोल आले असते. सोन्याचे तुकडेही लोकांनी वाटून घेतले. झुलीबरोबर असलेल्या दोन-तीनशे अंबर मण्यांपैकी संग्रहालयात पोहोचला तो एकच.

आपल्या हातात काय आहे?

या शेवटच्या वाक्यात आपल्यासाठी धडा आहे. तळेगाव आणि चाकण ही दोन्ही मोठी औद्योगिक क्षेत्रे झाली आहेत. जमीन सपाट होते, रस्ते रुंद होतात, देवींची लहान ठाणी मोठी देवळे होतात. सूक्ष्मास्त्रे जमिनीच्या पृष्ठभागावर विखुरलेली असतात. बुलडोझर एकदा फिरला, की ती कोठे व कशाजवळ होती हे कायमचे पुसले जाते. आजीबरोबर तिची गोष्टही जाते.

शाळेला येथे पैशांशिवाय काम करता येईल. मुलांनी एका वहीत चार रकाने आखावेत : काय दिसते, लोक काय सांगतात, कोणी व कोणत्या तारखेला सांगितले, आणि हे तपासायचे कसे. सांगणाऱ्याचेच शब्द लिहावेत, आपली सुधारणा करू नये. वीरगळ दिसला तर त्याचे माप घ्यावे, चित्र काढावे, जागा नकाशावर दाखवावी. मात्र तो हलवू नये, शेंदूर खरवडू नये, अक्षरे दिसावीत म्हणून खडू घासू नये. दगडी पाते दिसले तरी ते खिशात घालू नये. जागेवेगळे केलेले पाते म्हणजे पान फाडून घेतलेला एक शब्द. नाणी किंवा दागिने सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हेही मुलांना सांगावे.

मोल्डच्या टेकडीपाशी १८३३ पूर्वी अशी एक तारीख घातलेली वही असती, तर आज पुष्कळ वाद मिटले असते. आपल्या गावची वही अजून लिहिता येण्यासारखी आहे. सहलीत भुयाराचा प्रश्न आला, की तिचे पहिले पान तेथेच उघडावे.