वॉशिंग्टनची जकात आणि कळसची रयत

इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावी, जेथे पर्जन्याचा भरवसा कधीच नव्हता आणि जेथे ऊस नि डाळिंबाचे भवितव्य पाण्याच्या पाळीवर अवलंबून असते, तेथील शेतकऱ्याने अमेरिकेच्या राज्यकारभाराविषयी मत बाळगावे, आणि तेही प्रतिकूल मत बाळगावे, हे शहरातील पुष्कळ सुशिक्षितांना अनाठायी वाटते. मला ते सर्वथा उचित वाटते. ज्या सरकारचा हुकूम आपल्या ताटापर्यंत पोहोचतो त्या सरकारच्या गुणदोषांची चिकित्सा करण्याचा अधिकार मनुष्याला आहे, मग त्या सरकारने त्याचे मत कधी विचारलेले असो वा नसो.

ताटाचा उल्लेख मी शब्दशः करीत आहे. १९५४ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेला, आणि आपल्याकडे पी. एल. ४८० या नावाने रूढ झालेला जो कायदा, त्याअन्वये अमेरिकेचे शिलकी धान्य आपल्याला रुपयांच्या मोबदल्यात मिळू लागले; आणि १९६५ नंतरच्या लागोपाठच्या अवर्षणांत तर रेशनवरील गहू आणि जिला गावोगाव मिलो म्हणत ती तांबडी ज्वारी यांवरच असंख्य घरांच्या चुली पेटत होत्या. नेमक्या त्याच काळी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवून महिन्या-दोन महिन्यांपुरतेच धान्य सोडण्याचे धोरण स्वीकारले. भारताने आपली शेती सुधारावी हा त्यामागचा एक हेतू खराच होता. परंतु व्हिएतनाममधील बॉम्बफेकीवर भारताने केलेल्या टीकेचा रोषही त्यात मिसळलेला होता. ज्या स्त्रीने व्हिएतनामचे नावही ऐकले नव्हते तिच्या भाकरीवर त्या रोषाचे सावट पडावे, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

अमेरिकेच्या राज्यपद्धतीचे परीक्षण करण्याची परंपरा मराठीत नवी नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. तो गौरव होता. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात गौरवाच्या जोडीला दोषदर्शनही आले. रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढे सुमारे तीन वर्षे तो अफाट मुलूख हिंडत, व्याख्याने देत, हिंदू विधवांच्या शाळेसाठी द्रव्य जमवीत राहिल्या. ज्यांच्या दातृत्वावर आपली शाळा उभी राहावयाची त्या लोकांविषयी लिहिताना लेखणी मवाळ होणे मनुष्यस्वभावास धरूनच झाले असते. रमाबाईंची लेखणी तशी झाली नाही. राजाविना चालणाऱ्या त्या राज्याची, तेथील शिक्षणाची आणि स्त्रियांच्या संस्थांची त्यांनी मनःपूर्वक प्रशंसा केली. तथापि कृष्णवर्णीयांविषयी तेथील समाजात मुरलेला द्वेष, मूळ रहिवाशांची झालेली दैना, आणि स्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्या त्या देशात स्त्रियांना नाकारलेला मतदानाचा हक्क, यांवर बोट ठेवण्यास त्या कचरल्या नाहीत. वायोमिंगच्या प्रदेशात १८६९ मध्येच स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला होता खरा, परंतु राष्ट्राच्या घटनेत तो हक्क नोंदला जाण्यास १९२० साल उजाडावे लागले. रमाबाईंच्या टीकेचे बळ यात आहे की त्यांनी अमेरिकेला मोजले ते अमेरिकेच्याच सनदेने.

तेच माप आज लावून पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर प्रथम २५ टक्के, आणि रशियाचे तेल खरेदी केल्याबद्दल आणखी २५ टक्के, अशी एकंदर ५० टक्के जकात बसविली. जकात बसविणे हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे. माझी तक्रार ती कोणी बसविली याविषयी आहे. कर आणि जकात ठरविण्याचा अधिकार अमेरिकेच्या घटनेने पहिल्याच कलमात काँग्रेसला, म्हणजे लोकप्रतिनिधींना, दिलेला आहे. येथे मात्र १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन एकट्या अध्यक्षाच्या सहीने हुकूम निघाले, आणि प्रतिनिधींच्या बहुमताने ते मुकाट्याने चालू दिले. प्रतिनिधींच्या संमतीवाचून लादलेल्या करांविरुद्ध बंड करूनच जे राष्ट्र जन्मास आले, त्याने आपल्या हाताने ही मुखत्यारी एका व्यक्तीच्या स्वाधीन करावी, हा मला त्याच्या आजच्या कारभारातील सर्वांत गंभीर दोष वाटतो. जकातीचा आकडा उतरला तरी हा दोष उतरत नाही.

हाच आक्षेप तेथील सभागृहात नोंदविणाऱ्यांत एक मराठी मनुष्य आहे, याची नोंद आपण घ्यावयास हवी. चिकोडीस जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये अमेरिकेस गेले, पुढे तेथील नागरिक झाले आणि २०२२ च्या निवडणुकीत मिशिगन राज्यातून प्रतिनिधिगृहात निवडून आले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचे सात आरोप दाखल केले. काँग्रेसच्या खर्चाधिकारावरील अतिक्रमण आणि व्यापारविषयक अधिकारांचा दुरुपयोग हे त्यांपैकी होत. मे महिन्यात त्यांनी मतदानाचा आग्रह धरला, पण स्वपक्षीयांचाच पाठिंबा नसल्यामुळे तो त्यांना मागे घ्यावा लागला. त्यांची वेळ चुकली असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. परंतु जन्माने परदेशी असलेल्या नागरिकाने राष्ट्राच्या सर्वोच्च अधिकाऱ्याविरुद्ध लेखी फिर्याद मांडावी आणि तरीही तो आपल्या आसनावर निर्धास्त बसावा, ही त्या सनदेची शक्ती अद्याप शाबूत आहे, हे मी आदराने मान्य करतो.

महाभियोगाने आजवर एकही अमेरिकन अध्यक्ष पदच्युत झालेला नाही; सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मते लागतात, आणि ती कधीच जमली नाहीत. म्हणून माझी अपेक्षा त्या मार्गाकडून थोडी आहे. जकातीचा अधिकार ज्या कायद्याच्या आडून गेला तो कायदा काँग्रेसच बदलू शकते. त्यावर अध्यक्षाने नकाराधिकार वापरला तर पुन्हा दोन-तृतीयांश मतांचीच अट आडवी येते, हे खरे. पण प्रतिनिधिगृहाचे सर्वच्या सर्व ४३५ सदस्य दर दोन वर्षांनी मतदारांपुढे उभे राहतात, आणि आपला अधिकार का सोडला याचा जाब त्यांना तेथे प्रत्येक मतदारसंघात विचारता येतो. मिशिगन, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया येथे नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मराठी कुटुंबांनी तो विचारावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, कारण कळसच्या शेतकऱ्याला तेथे मत नाही.