घर रिकामं करून देणारी सेवा दिव्यांगांना वापरता येईल अशी कशी करायची?

दिवाळी जवळ आली की घराघरांत आवराआवर सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, रद्दी बांधली जाते, भंगारवाल्याला हाक मारली जाते. भाड्याचं घर सोडताना, इमारत पुनर्विकासाला जाताना किंवा घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर तर अख्खं घरच रिकामं करावं लागतं. शहरांत हे काम पैसे घेऊन करून देणारे लोक आता सहज मिळतात. फोन केला की टेम्पो घेऊन चार माणसं येतात आणि संध्याकाळपर्यंत घर मोकळं! पण बोलावणारी व्यक्ती दिव्यांग असेल तर? आज याविषयी माहिती घेऊया.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती आहेत, त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. याच कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे सेवा देणारा सरकारी असो की खाजगी, त्याने सुगम्यतेच्या नियमांनुसार सेवा द्यायची आहे. सुगम्यता म्हणजे काय, तर ती सेवा प्रत्येकाला वापरता येणं. म्हणजे बघा, ही काही मेहेरबानी नाही.

बऱ्याच जणांना वाटतं, दिव्यांग व्यक्तीला सामान उचलायला मदत केली की झालं. अहो, लोखंडी कपाट जिन्यावरून कोण एकटं उतरवतो? उचलायला माणसं सगळ्यांनाच लागतात. खरी अडचण निवड करताना येते. कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती द्यायची, हे घरच्या व्यक्तीला न विचारताच कोणीतरी परस्पर ठरवून टाकतं.

समजा, एका दृष्टिहीन काकूंचं घर रिकामं करायचं आहे. कपाटात जाड कागदांचे गठ्ठे आहेत, त्यावर शाईचा एक ठिपका नाही. कामगार म्हणतो, "कोरेच कागद दिसतात, टाका रद्दीत." पण ती ब्रेल लिपी असते! सहा उठावदार टिंबांच्या मांडणीतून अक्षरं तयार होतात आणि ती बोटांनी वाचतात. त्या कोऱ्या दिसणाऱ्या गठ्ठ्यात काकूंची आयुष्यभराची टिपणं असू शकतात, पत्रं असू शकतात. एकदा रद्दीच्या टेम्पोत गेली की गेलीच. आणि ठेवायची ठरली तरी असे कागद सुतळीने करकचून बांधायचे नाहीत, वर जड सामान रचायचं नाही. दाबाने टिंबं चपटी होतात आणि मजकूर वाचता येत नाही.

म्हणून प्रत्येक वस्तू हातात देऊन किंवा नाव सांगून विचारायचं, "काकू, ही पितळेची कळशी आहे, तळाला चेपली आहे. ठेवायची का?" वेळ लागतो, हे खरं. पण वस्तू त्यांची आहे ना! पोत्यांना खुणेच्या गाठी माराव्यात : एक गाठ ठेवायच्या सामानाला, दोन गाठी द्यायच्या सामानाला. मग मागाहून काकू स्वतः हाताने खात्री करू शकतात. जे सामान राहणार आहे, ते जिथून उचललं तिथेच परत ठेवावं. दार पूर्ण उघडं ठेवा नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दारावर कपाळ आपटतं.

आता हिशेब. भंगाराचा किलोचा भाव वजन करण्याआधी सांगायचा, काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा. शेजारचं विश्वासाचं माणूस सोबत असेल तर उत्तमच. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचं 'मणी' हे मोबाईल ॲप २०२० पासून आहे. ते नोटेची किंमत बोलून सांगतं. तेवढा वेळ थांबायला काय हरकत आहे? चेहरा पाडून घाई करणारे बरेच असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या घरात वेगळी काळजी लागते. काम चालू असताना पोती नेमकी वाटेत रचली जातात, म्हणजे आपल्याच घरात संडासापर्यंत जाता येत नाही. साधारण ९० सेंटीमीटरची वाट सतत मोकळी हवी. इमारतीच्या उतारावर सामान ठेवू नये, लिफ्ट तासभर अडवून धरू नये. व्हीलचेअरला पिशव्या अडकवणे तर अजिबात नको! ती त्या व्यक्तीच्या शरीराचाच भाग समजावी. जुने कॅलिपर, कुबड्या 'लोखंड' म्हणून वजनात घालण्याआधीही विचारावं.

कर्णबधिर व्यक्तीसाठी सगळ्यात सोपं आहे, तरी तेच होत नाही. फक्त फोनवरच नोंदणी घेतली की त्यांना दुसऱ्या कोणाच्या तरी पाया पडावं लागतं. व्हॉट्सॲपवर नोंदणी, दर लिहून पाठवणे, दाराशी आल्यावर बेल मारत न बसता मेसेज करणे, एवढं पुरतं.

बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्वमग्नता असेल तर कोण येणार, किती वाजता येणार, कोणती खोली आधी घेणार, हे चित्रांतून आदल्या दिवशी कळवावं. एकदम सगळं घर उपसू नये. आणि सोबत आई किंवा भाऊ असला तरी प्रश्न आधी त्या व्यक्तीलाच विचारावा.

हातगाडीवर फिरणाऱ्या भंगारवाल्या दादांकडून आपण महागड्या यंत्रांची अपेक्षा करणार नाही. पण मोठ्याने वजन सांगायला आणि मेसेज करायला पैसे लागत नाहीत. मोठ्या कंपन्यांनी मात्र माणसांना प्रशिक्षण द्यावं, आणि त्या जास्तीच्या तासाचे पैसे दिव्यांग ग्राहकाकडून लावू नयेत, असं माझं मत आहे.

शिक्षक मित्रांनो, चौथीला वजन-मापे शिकवताना हा विषय छान घेता येतो. डोळ्यांना पट्टी बांधण्याचा खेळ मात्र टाळा, त्याने मुलांना फक्त भीती कळते. त्यापेक्षा गटात बसवून भंगारवाला आणि दृष्टिहीन ग्राहक यांचा संवाद करायला लावा : लोखंड साडेतीन किलो, रद्दी सहा किलो, भाव मुलांनीच आपल्या गल्लीत विचारून आणायचा. प्रत्येक आकडा बोलूनच सांगायचा, फळ्यावर लिहायचा नाही.