फेसाच्या भिंतीचे गणित

ज्येष्ठातल्या दुपारी दिल्लीत पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हाही शीतगृहातील बटाटा 4 अंशांच्या आसपास निवांत असतो. मध्ये भिंत असते ती चार-सहा बोटांची. दोन पत्र्यांमधल्या या भिंतीत भरलेला असतो पॉलियुरेथेनचा कठीण फेस. त्यात घन पदार्थ शेकडा तीन-चार भागच. बाकी सारा बंद कोशांत कोंडलेला वायू. उष्णतेला अडवतो तो मुख्यतः हा वायूच.

हा फेस दोन द्रवांच्या संयोगातून होतो : पॉलिऑल आणि आयसोसायनेट. त्यांच्या संयोगाने निर्माण होणाऱ्या उष्णतेने मिश्रणातील एक सहज उकळणारे द्रव्य वायुरूप होते, बुडबुडे फुगतात आणि त्यांच्या भिंती घट्ट होतात. ढोकळ्यात सोडा कमी पडला तर तो दडस होतो, अधिक पडला तर फुगून बसतो. येथेही न्याय तोच. फुगवणारे द्रव्य वाढवले की फेस हलका होतो, पण त्याचे बळ घटते. आयसोसायनेट कमी पडले तर फेस मऊ राहून आकसतो. फार झाले तर ठिसूळ होतो. म्हणून ते हिशेबापेक्षा किंचितच अधिक घेतात. शंभर भाग पॉलिऑलला सिलिकोनयुक्त द्रव्य अवघे एक-दोन भाग पुरते. पण तेवढ्यानेच कोश बारीक आणि एकसारखे होतात.

पाण्याची गोष्ट विशेष आहे. आयसोसायनेटशी संयोग होऊन पाण्यापासून कार्बन डायॉक्साइड निघतो. तो फुकटचा वायू वाटतो. पण पाणी आयसोसायनेट खाते, आणि हा वायू कोशांतून हळूहळू निसटून त्याच्या जागी हवा शिरते. भिंत तीच दिसते; उष्णता मात्र अधिक झिरपू लागते.

या गणिताला दिल्लीनेच एक नवे वळण दिले. फेस फुगवण्यास सोयीचे एचसीएफसी-141बी हे द्रव्य 32 अंशांवर उकळते, उष्णताही चांगली अडवते. पण ते आकाशातील ओझोनचा थर विरळ करते. भारतात ते तयार होत नव्हते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अधिसूचनेने 1 जानेवारी 2020 पासून त्याच्या आयातीचे परवाने बंद झाले. पर्यायी सायक्लोपेंटेन ओझोनला निरुपद्रवी खरे. पण ते ज्वालाग्राही आणि 49 अंशांवर उकळणारे. तेव्हा एक घटक बदलला की पाणी, उत्प्रेरक, सिलिकोन या साऱ्यांचेच प्रमाण नव्याने बसवावे लागते. मोठ्या कारखान्याला हे प्रयोगशाळेच्या बळावर साधते; लहान कारखानदाराला त्यासाठी जाणकाराचा हात हवा. राजपत्रातील एका ओळीचे खरे यश त्या हातावर अवलंबून असते. नाहीतर ओझोन वाचेल, पण कच्च्या भिंतीतून वीज वाया जाईल.