अर्ध्या मिलिमीटरची रेघ

समुद्रपुरात समुद्र नाही, हे वर्धा जिल्ह्याबाहेरच्या माणसाला एकदा सांगावे लागते. आणि रेल्वेही नाही, हे दुसऱ्यांदा. आगगाडी पाहायची असेल तर हिंगणघाट गाठावे, नाहीतर सिंदी. अशा गावात मराठीचा एक प्राध्यापक तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून आगगाडीचे इंजिन घडवीत बसतो, ही गोष्ट गावाने आता पचवली आहे. "सर, गाडी कुठवर आली?" असे बाजारात विचारले जाते, आणि "आउटर सिग्नलला उभी आहे," असे मी सांगतो. यंदा ती फलाटाला लागली. पत्रा कापणे, डाख देणे, चाके बसवणे यांत दोन वर्षे गेली, त्याचे मला काही वाटत नाही. पण अंगावर रंग चढल्यावर त्या रंगावर चार बारीक रेघा ओढण्यात जे तीन महिने गेले, त्यांच्याविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वाफेचे इंजिन म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काजळीने माखलेला काळा राक्षस उभा राहतो. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. विलायतेत एके काळी प्रत्येक रेल्वे कंपनीचे इंजिन तिच्या रेघांवरून ओळखता येई. ग्रेट वेस्टर्नचे इंजिन हिरवे, त्यावर नारिंगी-काळी-नारिंगी अशी जोडरेघ. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नचे इंजिन काळेच. परंतु त्यावर तांबडी, सायीसारखी पांढुरकी आणि करडी अशा रेघा, आणि तेवढ्याने तो काळा रंग राजदरबारी दिसे. १९४८ साली तिकडच्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. जुन्या कंपन्या गेल्या, पण त्या तीन रंगांच्या रेघा नव्या सरकारी रेल्वेने आपल्या काळ्या इंजिनांसाठी उचलल्या. याहून गमतीची गोष्ट इंजिने बांधणाऱ्या कारखान्यांची. नवे इंजिन तयार झाले की अधिकृत छायाचित्रासाठी त्याला आधी मंद करडा रंग देत, त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा काढीत, मग फोटो. आणि फोटो झाला की त्यावर गिऱ्हाइकाच्या आवडीचा रंग चढवून बोटीवर रवाना. मुलीला दाखवण्याच्या दिवशी नेसवलेले पातळच म्हणाना!

आपल्या मुलखातही रेघांचे कौतुक नव्हते असे नाही. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन प्रथम सुटली ती पुणे-कल्याण अशी. तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर शेंदरी-लाल पट्ट्या. दुसरा गर्द निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडात झाले, पण वरचे शरीर माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. त्या निळ्या डब्यांचा विचार मनात आला की माझे लक्ष निळाईकडे जात नाही. ते त्या सोनेरी रेघेकडे जाते.

आता माझ्या इंजिनाविषयी. ते कोणत्याही एका इंजिनाची हुबेहूब नक्कल नाही. मूर्तिजापूर-अचलपूर, मूर्तिजापूर-यवतमाळ आणि आमच्या जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी, या अडीच फुटी रुळांच्या तीन मार्गांवर जी धावली त्या 'शकुंतले'चे ते चुलत भावंड समजावे. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले तिथले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. मी प्रमाण धरले ते फुटाला अर्धा इंच, म्हणजे मूळच्या चोविसाव्या हिश्शाचे. त्या हिशेबाने रुळांतले अंतर ३२ मिलिमीटरला किंचित कमी येते, आणि खऱ्या इंजिनावर अर्धा इंच रुंदीची रेघ असेल तर ती माझ्या इंजिनावर अर्ध्या मिलिमीटरची होते. हा आकडा वहीत लिहिताना मी निर्धास्त होतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, हे कागदावर कळत नाही.

(याहून बिकट अवस्था पाहायची असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहावे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. तिथले प्रमाण सत्त्याऐंशीस एक. त्यात अर्धा इंचाची रेघ ०.१५ मिलिमीटरच्याही आत जाते, म्हणजे दोन-तीन केसांची जाडी. इतक्या लहान गाड्यांवर कारखानदार रेघा ओढीतच नाहीत. रबरासारख्या मऊ गादीने छापतात. घरच्या कारागिराजवळ ती गादी नसते.)

पहिला सल्ला मिळाला तो रेडियमवाल्याकडे जाण्याचा. मोटरसायकलींवर चकचकीत पट्ट्या चिकटवून देणारी ही मंडळी आता तालुक्याच्या प्रत्येक गावी आहेत, आणि त्यांचे यंत्र संगणकाच्या आज्ञेने हवी ती नक्षी कापते. त्याने मनापासून प्रयत्न केला. दोन मिलिमीटरची पट्टी सुरेख निघाली, एक मिलिमीटरची निघता निघता ताणली गेली, आणि अर्ध्या मिलिमीटरची सुरीखालीच गोळा झाली. जी एक वाचली ती रिव्हेटांच्या ओळीवर बसेना. दोन रिव्हेटांच्या मधे पुलासारखी उभी राही. दुसरा मार्ग चिकटपट्टीचा. दोन पट्ट्यांमध्ये फट ठेवायची, रंग द्यायचा, पट्ट्या काढायच्या. रुंद पट्ट्याला हा उपाय नामी आहे. मात्र आधी खालच्याच रंगाचा एक हात फिरवून पट्टीच्या कडा बंद कराव्या, म्हणजे वरचा रंग आत झिरपत नाही. पण अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेला दोन्ही बाजूंनी रंगाचा उंच बांध येतो आणि रेघ पाटासारखी दिसू लागते.

राहिला रूलिंग पेन. आजच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असण्याचे कारण नाही. पोलादाची दोन टोकदार पाती, त्यांतले अंतर कमीजास्त करणारा एक स्क्रू, आणि मूठ. इंजिनिअरिंगचे नकाशे हाताने निघत त्या काळी प्रत्येक पेटीत हा असे. मला तो नागपूरला जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला. त्याची रीत अशी: पेन रंगात बुडवायचा नाही. कुंचल्याने एक थेंब दोन पात्यांमध्ये सोडायचा आणि पात्यांची बाहेरची बाजू पुसून घ्यायची. रंग दुधाइतका पातळ हवा. ताकाइतका झाला तर पसरतो, दह्याइतका राहिला तर उतरतच नाही. आधी काचेवर ओढून पाहावे. पट्टी इंजिनाला टेकवू नये. खाली दोन घड्या चिकटवून ती किंचित उचललेली ठेवावी, नाहीतर रंग धावत पट्टीखाली शिरतो. आणि खालचा रंग तुकतुकीत व पुरता वाळलेला हवा. खडबडीत अंगावर रेघेला दाते येतात. आणि रंग आठवडाभर वाळलेला असला, तर बिघडलेली रेघ टर्पेंटाइनच्या किंचित ओल्या कापसाने लगेच पुसता येते, खालच्या काळ्या रंगाला धक्का लागत नाही. तांबडा आणि पिवळा हे रंग काळ्यावर पारदर्शक होऊन मरतात, म्हणून त्यांत पांढऱ्याचा कण घालावा.

हे सारे मला पुस्तकांतून कळले. हात कसा चालवावा, ते कळले आमच्या गावच्या एका पेंटरकाकांकडून. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ एके काळी पंचक्रोशीतल्या बंड्या आणि दमण्या रंगवीत. चाकाच्या आऱ्यांवर, जुवावर, साटीच्या कडेला लाल-पांढऱ्या रेघा ओढीत. दुकानांच्या पाट्याही त्यांच्याच. पुढे फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. रबरी टायरची बंडी आली आणि आरे गेले. मी विचारले तेव्हा त्यांनी रेघेसाठी कुंचला हाती धरून कित्येक वर्षे झाली होती. माझा पेन त्यांनी उलटसुलट करून पाहिला, खाली ठेवला, आणि पिशवीतून स्वतःचा कुंचला काढला. खारीच्या केसांचा, बोटभर लांब केसांचा. लांब केसांत रंग पुष्कळ मावतो, आणि हाताचा बारीक कंप टोकापर्यंत पोचेपर्यंत केसांतच विरून जातो.

"सर, रेघ बोटानं नाही माराची, खांद्यानं माराची," ते म्हणाले. "बोटं नुसती धरून ठेवाची. अन् श्वास सोडता सोडता हात चालवाचा."

करंगळी पाण्याच्या टाकीच्या कडेला टेकवून त्यांनी एका दमात वीतभर रेघ ओढली. चहाचा कप हातात हिंदकळणारा तो हात. रेघ मात्र वाहत्या तेलाच्या धारेसारखी उतरली. मी पाहतच राहिलो. मग भिंग लावले. मधे एके ठिकाणी रेघ दोन दशांश मिलिमीटरने सरकली होती. बंडीवर हे कोणाच्या बापाला दिसले नसते. पण माझ्या प्रमाणात ते चोवीस पटींनी मोजावे लागते, आणि मग खऱ्या इंजिनावर जवळजवळ पाच मिलिमीटरचा बाक झाला! भीत भीत मी हे त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत.

"चालत्या बंडीवरची रेघ कोन नाकाशी लावून पायते, सर? तुमची गाडी त टेबलावर उभी हाये," असे म्हणून त्यांनी आपणच कापूस घेतला आणि ती रेघ पुसून टाकली. मला मात्र ती पुसताना वाईट वाटले.

यापुढे आम्ही कामे वाटून घेतली. सरळ रेघा पेनने, चाकांच्या कडा आणि वळणे त्यांच्या कुंचल्याने. पेनही आता खांद्याने चालवायचा होता. कोपऱ्यांसाठी नकाशे काढणाऱ्यांचा जुना नियम पाळला: आधी कंपासने गोल कोपरे, मग त्यांना जोडणाऱ्या सरळ रेघा. उलट केले तर सांधा जुळत नाही. बॉयलरच्या पट्ट्यांवर, म्हणजे गोल अंगावर, पेन चालत नाही. तिथे कागदाच्या पट्ट्या सपाट टेबलावर रंगवून, रेघा ओढून, वाळल्यावर बॉयलरभोवती गुंडाळल्या.

रेघेचा स्वभाव मात्र मोठा खट आहे. नुसत्या काळ्या रंगाखाली माझ्या टाकीचा पत्रा निर्दोष दिसत होता. त्यावर सरळ रेघ येताच डब्याच्या पत्र्याची मूळची हलकी पोक एकदम उघडी पडली, जणू रेघच वाकडी. काकांनी तोड सुचवली: पट्टी न वापरता टाकीच्या वरच्या कडेपासून अंतर धरून रेघ न्यावी, म्हणजे ती पत्र्याबरोबर वाकेल आणि डोळा दोघांनाही सरळ मानील. भूमितीला हे मान्य नाही. डोळ्याला झाले.

मोडी लिहिणारे आपले जुने कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढीत आणि मग तिला अक्षरे लटकवीत. देवनागरीत आपण अक्षर आधी काढतो आणि डोक्यावरची रेघ मागून देतो. वर्गात हा फरक मी वर्षानुवर्षे सांगत आलो. तो हाताला कळला तो इंजिनावर. सगळे घडून गेल्यावर मागून येणारी रेघ आधीच्या कामातले काहीच झाकत नाही. मोडीवाल्यांची पद्धत शहाणपणाची, पण इंजिनाला ती लागू पडत नाही.

श्रावणात शेवटचे वार्निश झाले. काळ्या अंगावर तांबडी रेघ, तिच्या आत केसभर सायीची. मजुरी काय द्यावी हे विचारले तेव्हा काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे नोको. तो पेन द्या चार दिवस." पोळा तोंडावर आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. मुले चाकांचे लाकडी बैल ओढीत मिरवतात, आणि जवळच्या सिंदीचा तान्हा पोळा तर सगळ्या विदर्भात नावाजलेला. अलीकडे ते बैल पिचकारीच्या रंगाने एकसारखे रंगवून विकायला येतात. काकांच्या नातवाच्या बैलाच्या शिंगांवर यंदा तांबड्या-पांढऱ्या कड्या होत्या, झुलीच्या काठाला जोडरेघ होती, आणि चारही चाकांना गोल रेघा. मी भिंग नेले नव्हते. पेन अजून त्यांच्याकडेच आहे; मी दुसरा मागवला आहे, कारण मागच्या डब्याचे काम सुरू करायचे आहे.