पीळ

पहाटे साडेतीनला सिस्टरने हाक मारली. "डॉक्टर, सक्शनमध्ये काळपट रक्त येतंय." पेशंटला दोन्ही फुफ्फुसं बसवून जेमतेम तीस तास झाले होते. एक्स-रेत उजवीकडे, मध्यावर, पांढरा डाग.

पहिल्या 72 तासांत नवं फुफ्फुस पांढरं दिसणं रोजचंच. तासन् तास थंडीत ठेवलेल्या फुफ्फुसात पुन्हा रक्त खेळू लागलं की ते सुजतं. त्यामुळे हात आधी व्हेंटिलेटरकडेच जातो. पण ती सूज पसरलेली असते. हा डाग एका लोबपुरता, म्हणजे फुफ्फुसाच्या एका खंडापुरता, आखल्यासारखा. तिथेच पाल चुकचुकली.

ब्राँकोस्कोप घातला. आधी श्वासनलिकेचा जोड बघितला. जुनी भीती याचीच: नलिकेला रक्त देणाऱ्या बारीक धमन्या सहसा जोडत नाहीत, उलट्या वाटेने झिरपणाऱ्या रक्तावर तिला तगावं लागतं. 1963 साली मिसिसिपीत जेम्स हार्डींनी माणसात पहिलं फुफ्फुस बसवलं, पेशंट 18 दिवस जगला. पुढची वीस वर्षं हा जोड उसवत राहिला. 1983 मध्ये टोरोंटोत जोएल कूपर यांनी पोटातला चरबीचा पदर वर ओढून त्याभोवती गुंडाळला, आणि पेशंट काही वर्षं जगला. आमचा जोड मात्र छान होता. निळे टाके, गुलाबी कडा.

पुढे गेलो. मधल्या लोबचं तोंड नाडी ओढलेल्या बटव्यासारखं, चुण्या पडून मिटलेलं. स्कोप रेटला तर शिरला, काढला की पुन्हा मिटलं. सीटीत त्या लोबची धमनी मध्येच संपत होती.

काही फुफ्फुसांत लोबांमधली फट मुळापर्यंत जाते. मग मधला लोब देठावरच्या पानासारखा मोकळा राहतो आणि क्वचित स्वतःभोवती फिरतो. इतका क्वचित, की असा पीळ मी तोवर फक्त पुस्तकात वाचला होता.

सहाला छाती पुन्हा उघडली. लोब जांभळाकाळा, यकृतासारखा घट्ट. मला वाटलं, सर्जन आधी पीळ सोडवतील. त्यांनी तो तसाच ठेवून देठ बांधला. मेलेल्या लोबमधलं साचलेलं रक्त हृदयाकडे सुटायला नको.

बाहेर पेशंटची बायको उभी होती. "शरीराने नाकारलं ना?" तिने विचारलं. प्रत्यारोपणाच्या सगळ्या माहितीत तिने तेवढाच शब्द धरून ठेवला होता. म्हटलं, नाही वहिनी, एका भागाला पीळ पडला होता, तेवढा काढला.

तिने पदराचं टोक बोटांत धरून एकदा फिरवलं. "असा?"

"असाच."